जुन्या यादीची झाडलोट : शाळा, क्लास आणि मोबाइलवरचे मेसेज



आजचा पाठ एका अशा कामावर आहे जे प्रत्येक संस्थेत राहून जातं. शाळा, क्लास, प्ले ग्रुप, दुकान, सगळ्यांकडे पालकांच्या किंवा गिऱ्हाइकांच्या नंबरांची एक यादी असते. त्या यादीवर मेसेज जातात. यादीत नवीन नावं दरवर्षी भरली जातात, पण जुनी कोणी काढत नाही. मग दहावी होऊन गेलेल्या मुलाच्या आईला "आपला पाल्य सातवीत गेल्याबद्दल अभिनंदन" असा मेसेज जातो, आणि ज्यांना खरंच कळायला हवं त्यांना शिष्यवृत्तीची शेवटची तारीख कळत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यातली उदाहरणं घेऊन आपण ही झाडलोट कशी करायची ते पाहू. शिक्षकांना हे शाळेच्या कामात उपयोगी पडेल. पालकांना आपली आणि मुलांची माहिती कुठे कुठे पडून आहे याचा अंदाज येईल. आणि आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शेवटी एक कृतीही दिली आहे.

१) मार्केटिंग ऑटोमेशन म्हणजे नेमकं काय?

नाव मोठं आहे, गोष्ट साधी आहे. एक संगणकीय यंत्रणा असते. तिच्यात लोकांची नावं, मोबाइल नंबर, ईमेल, आणखी थोडी माहिती भरलेली असते. तिला आपण आधीच सांगून ठेवतो की "नवीन चौकशी आली की लगेच माहितीपत्रक पाठव", "वाढदिवसाला शुभेच्छा पाठव", "फी भरायच्या आठ दिवस आधी आठवण कर". पुढे माणूस लागत नाही, यंत्रणाच मेसेज पाठवत राहते. मेलचिंप, हबस्पॉट, झोहो अशा सेवा यासाठी वापरल्या जातात. काही क्लासवाले व्हॉट्सअॅप बिझनेस आणि एसएमएसची सेवा जोडून हेच काम करतात.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, माहिती म्हणजे कोणाला पाठवायचं. दुसरी, मजकूर म्हणजे काय पाठवायचं. तिसरी, नियम म्हणजे कधी पाठवायचं. या तिन्ही गोष्टी शिळ्या होतात. माणूस मेसेज पाठवत असेल तर तो म्हणतो, "अरे, हा मुलगा तर गेल्या वर्षीच शाळा सोडून गेला." यंत्रणेला ते कळत नाही, तिला सांगावं लागतं.

२) आपल्या भागात माहिती इतक्या लवकर शिळी का होते?

पहिलं कारण भाड्याचं घर. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुतेक ठिकाणी ११ महिन्यांचा असतो. आज अंबरनाथ पूर्वेला असलेलं कुटुंब पुढच्या वर्षी बदलापूर पश्चिमेला जातं. मुलाची शाळा बदलते, क्लास बदलतो, पण जुन्या क्लासच्या यादीत नाव तसंच राहतं.

दुसरं कारण मोबाइल नंबर. बंद झालेला नंबर कायमचा बंद राहत नाही. किमान ९० दिवसांनंतर तो नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या यादीतला जुना नंबर आज एखाद्या अनोळखी माणसाचा असू शकतो, आणि आपण त्या माणसाला एका मुलीचं नाव, इयत्ता आणि क्लास सुटण्याची वेळ कळवत असतो. याकडे "एक मेसेज वाया गेला" एवढ्यावर पाहून चालणार नाही.

तिसरं कारण पत्ता लिहिण्याची पद्धत. उल्हासनगर हे मुळात फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेलं शहर. ८ ऑगस्ट १९४९ ला त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणीची खूण पत्त्यात अजून आहे. कोणी "कॅम्प नंबर ४" लिहितं, कोणी "उल्हासनगर-४", कोणी नुसतं "यू-४", तर कोणी बरॅक आणि सेक्शन लिहून मोकळं होतं. जागा एकच, पण संगणकाच्या दृष्टीने हे चार वेगळे पत्ते. अंबरनाथचं इंग्रजी स्पेलिंग कोणी मधे 'ई' घालून करतं, कोणी 'ए' घालून. बदलापूरकरांपैकी काही जण कुळगाव लिहितात, काही बदलापूर. अशाने एकाच घराच्या दोन-तीन नोंदी सहज तयार होतात.

चौथं कारण वाढणारी मुलं. दुकानाच्या गिऱ्हाइकाची माहिती तीन वर्षं तशीच राहू शकते, विद्यार्थ्याची राहत नाही. दर जूनला प्रत्येक मुलाची इयत्ता बदलते. जी यादी जूनमध्ये हलली नाही, ती त्याच दिवशी शंभर टक्के चुकीची झाली.

३) नुकसान कुठे होतं?

*पैसा.* इंग्रजी एसएमएसमध्ये एका भागात १६० अक्षरं बसतात. मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, त्यात ७०च बसतात. मेसेज लांबला की प्रत्येक भागात ६७ धरली जातात. इथे काना, मात्रा, वेलांटीही मोजली जाते. म्हणजे १४० अक्षरांच्या मराठी मेसेजचे ३ एसएमएस होतात. आता समजा तुमच्या यादीत १,२०० नावं आहेत आणि त्यातली ३०० निकामी आहेत. प्रत्येक वेळी ९०० एसएमएस फुकट गेले. महिन्याला चार मेसेज धरले तर वर्षाला ४३,२००. ईमेलच्या सेवांमध्ये बिल बऱ्याचदा यादीतल्या नावांच्या संख्येवर असतं. मेलचिंपमध्ये तर "मला मेल नको" म्हणून बाहेर पडलेली माणसंही मोजणीत येतात, ती आर्काइव्ह केली तरच सुटतात.

*पोहोच.* मेल पाठवणाऱ्याची पत असते. बंद पत्त्यांवर सतत मेल जात राहिले, लोक वैतागून स्पॅम म्हणून खूण करत राहिले, की पुढचे चांगले मेलही स्पॅममध्ये पडतात. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या, म्हणजे हजारात तीनच्या खाली हव्यात आणि एका क्लिकमध्ये बाहेर पडता आलं पाहिजे. शिवाय दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक गुगल खाती डिसेंबर २०२३ पासून बंद होऊ लागली आहेत. प्रवेशाच्या वेळी घाईत उघडलेलं आणि नंतर विसरलेलं पालकांचं जीमेल आठवा. यादीत ते अजून असेल, पण पलीकडे कोणी नसेल.

*विश्वास.* सलग पाच मेसेज आपल्या कामाचे नसले की पालक सहावा उघडत नाहीत. आणि सहावाच नेमका महत्त्वाचा असतो. उल्हास नदीच्या काठावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस आपण विसरलेलो नाही. अशा सकाळी "आज शाळा बंद, मुलांना पाठवू नका" हा मेसेज योग्य नंबरवर आणि वेळेत पोहोचला पाहिजे. तो वाचला जायचा असेल तर आधीच्या अनावश्यक मेसेजची गर्दी कमी हवी.

*सुरक्षितता.* वर सांगितलंच. चुकीच्या हातात गेलेली मुलाची माहिती परत घेता येत नाही.

४) शाळेच्या दप्तरातून शिकण्यासारखं

शिक्षकांनो, ही विद्या आपल्याला नवीन नाही. शाळेत दोन वेगळ्या वह्या असतात. हजेरीपत्रक दरवर्षी नवं होतं, गेलेल्या मुलाचं नाव त्यात राहत नाही. जनरल रजिस्टर मात्र कायम जपलं जातं. त्यातली नोंद कोणी मनाने खोडत नाही, कारण वीस वर्षांनीही कोणी दाखल्यासाठी येऊ शकतं. म्हणजे आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे की रोजच्या वापराची यादी वेगळी आणि पुराव्याची नोंद वेगळी. मेसेजच्या यंत्रणेत लोक नेमकं हेच विसरतात. सगळं एकाच डब्यात ठेवतात.

यूडायस प्लसवर काम करणाऱ्यांना 'ड्रॉपबॉक्स' माहीत आहे. मूल शाळा सोडून गेलं की त्याची नोंद पुसत नाहीत, ड्रॉपबॉक्समध्ये टाकतात. नवी शाळा पेन क्रमांकावरून ती नोंद ओढून घेते. मूल एकाच वेळी दोन शाळांच्या पटावर दिसत नाही आणि त्याचा इतिहासही हरवत नाही. मेसेजच्या यादीतही असाच एक ड्रॉपबॉक्स हवा. त्याला आर्काइव्ह म्हणतात.

आणि पट स्वच्छ नसला तर काय होतं, हे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०११ मध्ये पाहिलं. ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली. लाखो मुलं कागदावर होती, वर्गात नव्हती. तिथे काही ठिकाणी हेतूच वाईट होता. मेसेजच्या यादीत बहुतेक वेळा हेतू वाईट नसतो, आळस असतो. पण दोन्हीकडे परिणाम एकच होतो. आकडा मोठा दिसतो, आणि त्या आकड्यावर घेतलेला निर्णय चुकतो.

५) माहितीची झाडलोट : सात पायऱ्या

पायरी १ : आधी प्रत, मग झाडू. पूर्ण यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या. फाइलच्या नावात तारीख लिहा. ती फाइल पासवर्ड लावून एका जबाबदार व्यक्तीकडेच ठेवा. काम संपल्यावर, महिन्याभरात तीही काढून टाका. नाहीतर झाडलोटीतूनच नवीन केर तयार होतो. एक सूचना : एक्सेलमध्ये मोबाइल नंबरचा रकाना 'टेक्स्ट' करून ठेवा. नाहीतर सुरुवातीचा शून्य गळतो आणि १२ अंकी नंबर विचित्र आकड्यात दिसायला लागतो.

पायरी २ : चालू असलेले आपोआप मेसेज थांबवा. झाडलोट चालू असताना यंत्रणा सुरू राहिली तर इयत्ता बदलताक्षणी शेकडो पालकांना "स्वागत आहे" असा मेसेज जाऊ शकतो. आधी थांबवा, मग हात लावा.

पायरी ३ : एकसारखं लिहा. मोबाइल नंबर १० अंकी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. मागचा शून्य, ९१, मधल्या मोकळ्या जागा काढा. ०२५१ ने सुरू होणारे नंबर हे आपल्या भागातले लँडलाइन. ते वेगळ्या रकान्यात न्या, त्यांच्यावर एसएमएस पाठवून उपयोग नाही. गावाचं नाव टाइप करू देऊ नका, निवडायला द्या : उल्हासनगर १ ते ५, अंबरनाथ पूर्व, अंबरनाथ पश्चिम, बदलापूर पूर्व, बदलापूर पश्चिम. पिनकोडही ठेवा. गावाचं नाव आणि पिनकोड जुळत नसतील तर त्या नोंदीवर खूण करा.

पायरी ४ : दुबार नोंदी जोडा, पण डोळसपणे. यंत्रणेत "समान नंबर असलेल्या नोंदी एक करा" असं बटण असतं. शाळेसाठी ते धोक्याचं आहे. दोन भावंडांच्या नोंदींवर वडिलांचा एकच नंबर असतो. बटण दाबलं की धाकटी बहीण गायब! उलट एकाच नावाची दोन मुलं एका वर्गात असू शकतात. म्हणून नंबर, मुलाचं नाव आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच नोंद दुबार समजा. आणि यंत्रणेत सोय असेल तर पालक ही एक नोंद आणि मुलं ही तिला जोडलेली वेगळी नोंद, अशी रचना करा.

पायरी ५ : शिळी होणारी माहिती न शिळ्या होणाऱ्या रूपात ठेवा. या पाठातली ही सगळ्यात कामाची पायरी. "इयत्ता ७ वी" असं लिहिलं की ते जूनमध्ये चुकतं. त्याऐवजी "दहावीचं वर्ष २०२९" असं लिहा. ते बदलत नाही. २०२५-२६ मध्ये सातवीत असलेलं मूल मार्च २०२९ मध्ये दहावीला बसेल. इयत्ता हवी तेव्हा काढता येते : दहावीच्या वर्षातून चालू शैक्षणिक वर्ष संपण्याचं साल वजा करा, आलेलं उत्तर १० मधून वजा करा. २०२९ वजा २०२६ म्हणजे ३. दहा वजा तीन, सातवी. हेच वयाचं. वय लिहू नका, जन्मतारीख लिहा. एखादं मूल मागे राहिलं तर फक्त त्याचं एक साल बदलायचं, बाकी यादी आपोआप बरोबर.

पायरी ६ : विचारून घ्या. वर्षभर ज्यांच्याकडून काहीच प्रतिसाद नाही अशांची वेगळी यादी करा. "मेल उघडला" या आकड्यावर फार विसंबू नका. सप्टेंबर २०२१ पासून अॅपलच्या मेल अॅपमध्ये अशी सोय आहे की माणसाने मेल वाचला नाही तरी उघडल्यासारखा दिसू शकतो. लिंकवर क्लिक केलं का, उत्तर दिलं का, फोन उचलला का, हे पाहा. अशा लोकांना एकच साधा मेसेज : "आम्ही यादी नव्याने करत आहोत. पुढे सूचना हव्या असतील तर 'हो' कळवा." जे विद्यार्थी सध्या पटावर आहेत त्यांच्या पालकांच्या बाबतीत मात्र मेसेजवर थांबू नका. पालकसभेत किंवा मुलाच्या वहीतून चिठ्ठी पाठवून नंबर पक्का करा. पटावरच्या मुलाचा पालक यादीतून गळता कामा नये.

पायरी ७ : तीन टोपल्या करा. उरलेली प्रत्येक नोंद यापैकी एका टोपलीत जाईल.

- *चालू :* आज ज्यांच्याशी संबंध आहे.
- *आर्काइव्ह :* माजी विद्यार्थी, ज्यांची नोंद काही कारणाने ठेवावी लागते, पण मेसेज पाठवायचा नाही.
- *नको म्हणालेले :* यांचा फक्त नंबर किंवा ईमेल ठेवा, बाकी माहिती काढा.

तिसऱ्या टोपलीबद्दल नेहमी प्रश्न येतो : नको म्हणाले तर पूर्ण पुसून का टाकू नये? कारण पुढच्या वर्षी कोणी तरी जुनी फाइल पुन्हा चढवतं आणि ते नाव परत येतं. "यांना पाठवायचं नाही" हे यंत्रणेला आठवावं म्हणून तेवढीच खूण ठेवायची. बाकी जे या तिन्हींत बसत नाही, म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या चौकशा, प्रदर्शनाच्या वहीतून उतरवलेले नंबर, कुठून आले ते कोणालाच न सांगता येणारे नंबर, ते पुसा.

एक हळवी गोष्टही इथेच सांगते. घरात मृत्यू झाला असेल तर त्या नावाने एकही आपोआप मेसेज जाऊ नये. वाढदिवसाच्या शुभेच्छा तर नाहीच नाही. वर्गशिक्षकाला बातमी कळली की त्याच दिवशी यंत्रणा सांभाळणाऱ्याला कळवायचं, असा नियमच करा.

६) मजकुराची झाडलोट

लोक यादी साफ करतात आणि मजकूर विसरतात. यंत्रणेत जुने मेसेजचे नमुने, फॉर्म, माहितीपत्रकं, फोटो, लिंक हे सगळं साठलेलं असतं. प्रत्येकाला चार प्रश्न विचारा :

- यातली तारीख, फी, शैक्षणिक वर्ष, संपर्काचं नाव आजही खरं आहे का?
- यातली लिंक उघडते का, आणि उघडली तर आपल्याच पानावर जाते का?
- हा मेसेज कोणत्या आपोआप नियमाला जोडलेला आहे?
- याची जबाबदारी कोणाकडे आहे?

दुसरा प्रश्न नीट वाचा. वेबसाइटचं नाव दरवर्षी पैसे भरून चालू ठेवावं लागतं. भरायचं राहिलं तर ते नाव दुसरं कोणीही विकत घेऊ शकतं. मग तुमच्या जुन्या मेसेजमधली "फी इथे भरा" ही लिंक एखाद्या भामट्याच्या पानावर जाऊ शकते. तिसरा प्रश्नही महत्त्वाचा : नियमाला जोडलेला नमुना सरळ पुसला तर नियम अडकतो किंवा रिकामा मेसेज जातो. आधी नियम बंद, मग नमुना बाजूला.

मुलांचे फोटो वेगळे तपासा. २०१९ च्या स्नेहसंमेलनातला फोटो आजच्या जाहिरातीत वापरताना त्या मुलाच्या पालकांची परवानगी आहे का? नसेल तर काढा.

देशपातळीवर अशी झाडलोट झालेलीही आहे. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थांना एसएमएससाठी आपलं हेडर, म्हणजे मेसेजवर दिसणारं छोटं नाव, आणि मजकुराचे नमुने आधी नोंदवावे लागतात. पुढे असं दिसलं की नोंदवून ठेवलेल्या जुन्या हेडर आणि नमुन्यांचा गैरवापर होतोय. तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्रायने टेलिकॉम कंपन्यांना सांगितलं की सगळी हेडर ३० दिवसांत आणि सगळे नमुने ६० दिवसांत पुन्हा तपासा, न तपासलेले बंद करा. ऑक्टोबर २०२४ पासून एसएमएसमधली लिंकही आधी नोंदवलेली नसेल तर मेसेज अडवला जातो. न वापरलेला नमुना म्हणजे उघडं राहिलेलं मागचं दार, हा त्यामागचा विचार. छोट्या क्लासलाही तो तसाच लागू आहे.

७) कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतात. म्हणजे तयारीला वेळ आहे, पण फार नाही. आपल्या कामाचे मुद्दे असे :

- ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवणं बंधनकारक नसेल, तर माहिती पुसायची.
- माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क व्यक्तीला आहे.
- १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची, पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायची नाही.

शिकवणं आणि सुरक्षितता यासाठी मुलांवर लक्ष ठेवण्याबाबत शैक्षणिक संस्थांना नियमांत काही सवलत आहे. पण "उन्हाळी शिबिरात प्रवेश घ्या" ही जाहिरात त्या सवलतीत बसवू नका. म्हणून संमतीचे दोन वेगळे रकाने ठेवा : शाळेच्या सूचना आणि जाहिराती. पालकांनी पहिल्याला हो म्हटलं म्हणजे दुसऱ्यालाही हो, असं नाही.

८) पालकहो, तुमच्या हातात काय आहे?

- नंबर बदलायचा असेल तर जुना बंद करण्याआधी शाळा, क्लास, बँक, सगळीकडे नवा द्या. ९० दिवसांनी तो दुसऱ्याचा होऊ शकतो.
- शाळेत आई आणि वडील दोघांचे नंबर द्या. शेजाऱ्यांचा किंवा दुकानदाराचा नंबर तात्पुरता दिला असेल तर तो आठवणीने काढून घ्या.
- क्लास सोडलात की एक ओळ लिहून द्या : "आमचा नंबर आणि मुलाची माहिती आपल्या जाहिरातींच्या यादीतून काढावी." उत्तर लेखी मागा.
- नको असलेल्या जाहिरातींसाठी १९०९ वर नोंदणी आणि तक्रार करता येते.
- एसएमएसच्या हेडरच्या शेवटी आता एक अक्षर असतं. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवेची सूचना, 'टी' म्हणजे व्यवहार, 'जी' म्हणजे सरकारी. फीची मागणी 'पी'च्या मेसेजमधून आली तर पैसे भरण्याआधी शाळेत फोन करा.

९) वर्गात करून पाहा (इयत्ता ८ वी ते १० वी)

फळ्यावर सहा नोंदी लिहा. खरे नंबर वापरू नका, सगळे ००००० ने सुरू करा म्हणजे कोणाचाच नंबर लागणार नाही. मुलांना गटात विचारा : चालू, आर्काइव्ह, नको म्हणालेले, की पुसायचं?

१. पालक 'क', नंबरच्या आधी शून्य, मूल पाचवीत, अंबरनाथ पूर्व.
२. पालक 'क', तोच नंबर पण आधी ९१, मूल आठवीत, अंबरनाथ पूर्व.
३. पालक 'ख', फक्त ०२५१ चा नंबर, मूल सहावीत.
४. पालक 'ग', शेरा : "मेसेज नको, २०२३".
५. पालक 'घ', मूल दहावीत, नोंदीचं वर्ष २०२१-२२.
६. पालक 'च', एकदा "कॅम्प ४" आणि एकदा "उल्हासनगर-४", नंबर, मुलाचं नाव आणि जन्मतारीख एकच.

उत्तरांवर चर्चा : १ आणि २ दुबार नाहीत, ती भावंडं आहेत. दोन्ही चालू, नंबर तेवढा एकसारखा करायचा. ३ मूल पटावर आहे, म्हणून चालू, पण फोन करून मोबाइल नंबर घ्यायचा. ४ तिसऱ्या टोपलीत. ५ मूल २०२२ लाच दहावी झालं, आर्काइव्ह. ६ खरी दुबार नोंद, जोडायची. मुलं पहिल्या झटक्यात १ आणि २ एक करून टाकतात. तिथे थांबा आणि विचारा, "आता धाकट्याला सुट्टीचा निरोप कोण देणार?" माहितीच्या एका ओळीमागे एक माणूस असतो, हे त्या प्रश्नातून मुलांना कळतं.

१०) वर्षाचं वेळापत्रक

एकदाच मोठी झाडलोट करून भागत नाही. घरातला केर रोज काढतो आणि दिवाळीत माळा साफ करतो, तसंच इथेही.

- *दर महिन्याला :* न पोहोचलेले मेसेज पाहा, ते नंबर बाजूला काढा. "नको" म्हणालेले त्याच दिवशी तिसऱ्या टोपलीत.
- *एप्रिल-मे :* निकालानंतर शाळा सोडणाऱ्यांची नोंद आर्काइव्हमध्ये. मेसेजचे नमुने आणि लिंक तपासा.
- *जून :* पहिल्या पालकसभेत नंबर आणि संमती पक्की करा.
- *दिवाळीची सुट्टी :* दुबार नोंदी, पत्ते, जुने फोटो.

आणि या सगळ्यावर एका माणसाचं नाव लिहा. सगळ्यांचं काम ते कोणाचंच काम नसतं, हे आपल्याला स्टाफरूममध्ये रोज दिसतं.

थोडक्यात

यादी किती मोठी यापेक्षा किती खरी, हे पाहा. आधी प्रत घ्या, आपोआप मेसेज थांबवा, भावंडांना दुबार समजू नका, इयत्तेऐवजी दहावीचं वर्ष लिहा, नको म्हणालेल्यांची आठवण ठेवा, आणि यादीसोबत मजकूरही साफ करा. पाचशे खऱ्या नंबरांची यादी दोन हजारांच्या शिळ्या यादीपेक्षा कधीही बरी, कारण पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी तिच्यावरून गेलेला निरोप घरी पोहोचतो.

स्वाध्याय

१. तुमच्या शाळेच्या किंवा क्लासच्या यादीतली कोणतीही २० नावं घ्या आणि फोन करून पडताळा. किती नंबर बरोबर निघाले?
२. गेल्या महिन्यात तुमच्या मोबाइलवर आलेल्या मेसेजपैकी किती संस्थांशी तुमचा आज काहीच संबंध नाही? मुलांसोबत बसून मोजा.
३. 'इयत्ता' आणि 'वय' याशिवाय दरवर्षी आपोआप चुकीची होणारी आणखी कोणती माहिती आपण लिहून ठेवतो? तीन उदाहरणं द्या.